खुर्चीचं मत

आमच्या कोम्बवेलच्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे गावच्या पंचायतीला, बाहेरच्या कुणी नावं ठेवली की मी आधी त्याच्याशी भांडते. मग घरी येऊन, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता, म्हणते की मेला बोलला ते काही खोटं नव्हतं. सात सभासद, एक क्लार्क, महिन्याला एक बैठक, तीही गावच्या हॉलमध्ये, जिथला हीटर नुसता आवाज करतो. आमच्या हातात काय, तर बाकं, बस थांब्याचं छप्पर, मुलांचे झोपाळे, कुत्र्यांच्या घाणीचे डबे आणि टेकडीवरची दफनभूमी. डब्यांवर आम्ही किती बोलतो ते विचारूच नका. माणूस मेल्यावर कुठे जाणार यावर बोलायला मात्र तीन मिनिटं.

मी हेस्टर टॅपस्कॉट. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवला, तोंडाने फटकळ आहे, आणि कुणी दुसरं मिळेना म्हणून कौन्सिलवर घेतलं त्यालाही आता बरेच दिवस झाले. हे सगळं झालं ते मागच्या मेपासून या मेपर्यंत. आमचं वर्ष मेमध्येच सुरू होतं. मेच्या बैठकीत अध्यक्ष निवडतात, म्हणजे बर्ट्रम हेडन निवडून येतो. बर्ट्रमची पशुखाद्याची गिरणी होती. मी नि तो एकाच वर्गात. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

आधी तो नियम सांगते. चर्चच्या आवारात जागा संपून जमाना झाला, म्हणून टेकडीवर कौन्सिलची दफनभूमी. तिथून खाली नदी दिसते, पलीकडचं मार्लब्रिज दिसतं. देखावा सुंदर, तोच नडला. उन्हाळ्यात आठ दिवस राहणारी लंडनची माणसं तिथे कबरी राखून ठेवायला लागली. गाव चिडलं. घरं घेतली, आता थडगीही घेणार? तेव्हा बर्ट्रमने नियम केला: मरायच्या आधीचं अख्खं वर्ष जो गावात राहिला, त्यालाच गावात जागा. राखेलाही तेच लागू. नवऱ्याबायकोलाही सूट नाही, कारण एकाला आत घेतलं की मागून खानदान येतं. नियम मंजूर झाला तेव्हा हॉल भरला होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेन्झिल यलंड यांनीही वाजवल्या. मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

आता हे डेन्झिल कोण, तर आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे. दुधाचा टँकर चालवायचे. ऐंशी कधीच ओलांडलेली. त्यांची बायको आयव्ही आमच्या पोस्टाच्या खिडकीवर असायची, असं गावात कुणी नसेल ज्याचं पाकीट तिने चिकटवून दिलं नाही. दोघांना एकच मूल झालं, क्लेमंट. जेमतेम आठवडा जगला. टेकडीवर वरच्या कोपऱ्यात, काटेरी कुंपणाला लागून, त्याचा छोटा दगड आहे. त्याच्या शेजारची जागा कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. ती आयव्हीची नि डेन्झिलची, हे गावात सगळ्यांना ठाऊक. ठाऊक असलेली गोष्ट लिहून कोण ठेवतं?

आयव्हीचं डोकं हळूहळू गेलं. चुलीवर किटली ठेवून रस्त्यावर निघून जायची. शेवटी तिला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवावं लागलं, आणि होम आहे नदीपलीकडे, मार्लब्रिजमध्ये. पूल ओलांडला की दुसरी पॅरिश. तिच्या खिडकीतून आमची टेकडी दिसते. पण नियमाच्या हिशेबात बाई लंडनची झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

जूनच्या बैठकीला डेन्झिल आले. लोकांनी बोलायची वेळ सुरुवातीला असते. पॉलीन, आमची क्लार्क, अंडी उकडायचा टायमर लावते. टोपी हातात घेऊन डेन्झिल उभे राहिले.

"आयव्हीसाठी आलोय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, यंदाचं वर्ष काढेल न काढेल. तिला वरती पोराजवळ ठेवायचंय. दुसरं काही नाही मागणं."

एवढंच बोलले. मग टायमर वाजेपर्यंत उभेच होते, कारण बसायचं की नाही ते त्यांना कळेना. मी म्हटलं, "अध्यक्ष महोदय, द्या ना परवानगी. यात विचार कसला करायचा?"

बर्ट्रमचे डोळे ओले झाले होते, मी पाहिलं. पण म्हणाला, "विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. कायद्याने येत नाही, हेस्टरबाई. जुलैच्या बैठकीत घेऊ."

मग आम्ही झोपाळ्याच्या साखळीला तेल कोणी घालायचं यावर तासभर बोललो.

जुलैसाठी मी घरोघर फिरले. कोण कुठल्या बाजूला ते पक्कं करून आले. तिघं विरोधात. त्यांचं म्हणणं, आज आयव्ही, उद्या कुणाची मावशी. जागा उरल्यात किती? मी बाजूने, बेकरीची मार्गोट बाजूने, ट्रेव्हर लस्कम बाजूने, आणि बर्ट्रमने तर माझ्या ओट्यावर बसून चहा पिता पिता सांगितलं, "माझा हात आयव्हीसाठी वर जाणार, हेस्टर. माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज तिने शुद्ध करून दिला होता." चार विरुद्ध तीन. त्या रात्री मी निवांत झोपले.

बैठकीच्या दिवशी कडक ऊन पडलं. त्याआधी पंधरवडा नुसती रिपरिप. ट्रेव्हर शेतकरी, त्याचं गवत कापून शिवारात पडलेलं. संध्याकाळी मी फोन केला तर मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"ट्रेव्हर, कुठे आहेस रे? बैठक सुरू होतेय!"

"गवत गोळा करतोय. उद्या पाऊस सांगितलाय. माझी गुरं हिवाळ्यात काय ठराव खातील? आणि तुमच्याकडे बर्ट्रम आहे ना, मग माझ्यावाचून कशाला अडतंय?"

अडलं. हात वर झाले: मी, मार्गोट, बर्ट्रम. विरोधात तीन. पॉलीन म्हणाली, "समसमान. अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावं."

माझ्या मनात आलं, चला, झालं. मागच्या खुर्चीत डेन्झिल बसले होते, त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते उठून टोपी घालायला लागले.

बर्ट्रम उभा राहिला. घसा खाकरला. म्हणाला, "परंपरा अशी आहे की मतं समसमान पडली, तर खुर्ची आहे ते तसंच राहू देते. बदल व्हायचा तर तो सभासदांच्या बहुमताने व्हावा, खुर्चीच्या जोरावर नव्हे. माझ्या आधीच्या सगळ्या अध्यक्षांनी हेच पाळलं. म्हणून खुर्चीचं मत ठरावाच्या विरोधात."

मला वाटलं, माझे कान गेले.

"बर्ट्रम! अरे, तू आत्ताच हात वर केला होतास!"

"तो माझा होता. हे मत खुर्चीचं आहे."

"सभागृहात महोदय म्हणायचं," पॉलीन हळूच म्हणाली.

"महोदय," मी म्हटलं, "मग त्या खुर्चीलाच नेऊन पुरा टेकडीवर! ती तरी गावात वर्षभर राहिलीय ना?"

कुणी हसलं नाही. एका माणसाने एकाच बैठकीत दोन मतं दिली आणि स्वतःच स्वतःला हरवलं. त्याला लाज वाटली नाही, उलट आपण काहीतरी अवघड नि उदात्त केलं असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. वर पॉलीनने आठवण करून दिली की फेटाळलेला ठराव सहा महिने परत आणता येत नाही. तोही आमचाच नियम, कटकट्या लोकांनी दर महिन्याला तेच तेच आणू नये म्हणून केलेला.

बाहेर डेन्झिल दाराशी थांबले होते. मी शिव्या घालत आले तर मला म्हणतात, "असू दे पोरी. बर्ट्रम सरळ माणूस आहे. नियम म्हणजे नियम. मीच टाळ्या वाजवल्या होत्या ना?"

"मग आता काय करायचं?"

"आता आयव्हीला जानेवारीपर्यंत धरून ठेवायचं," ते म्हणाले.

आणि त्यांनी खरंच तेवढंच केलं. रोज सकाळच्या बसने मार्लब्रिजला जायचे, तिला चमच्याने सूप भरवायचे, संध्याकाळच्या बसने परत. ऑगस्टमध्ये कौन्सिलला सुट्टी असते. सप्टेंबरमध्ये आम्ही डब्यांवर बोललो. ऑक्टोबरमध्ये त्याच डब्यांच्या झाकणांवर. नोव्हेंबरमध्ये युद्धस्मारकाला हार घातला आणि पावसात भिजून सगळ्यांना सर्दी झाली. मी दर बैठकीत विचारायची, तेवढा विषय घेता येईल का, आणि दर वेळी बर्ट्रम दुःखी चेहऱ्याने मान हलवायचा. दुःखी चेहरा करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही.

डेन्झिलबरोबर मीही कधीकधी जायची. आयव्ही मला ओळखायची नाही, पण माझा हात घट्ट धरायची. तिच्या डोक्यातून नवरा गेला होता, पोस्ट गेलं होतं, स्वतःचं नाव गेलं होतं. पोर तेवढं राहिलं होतं. खिडकीबाहेर बोट करून विचारायची, "बाळ एकटंच आहे का गं तिथे?"

"नाही हो," मी म्हणायची, "गार वाऱ्यात कशाला ठेवू? आत घेतलंय."

"मी एकटी नाही राहू शकत," ती म्हणायची. "मला अंधाराची भीती वाटते. डेन्झिलला सांगा." आणि डेन्झिल तिथेच तिच्या पुढ्यात बसलेले असायचे.

नाताळच्या आधी कडाक्याची थंडी पडली आणि आयव्ही गेली. सकाळचं सूप भरवायला डेन्झिल पोचले तेव्हा पलंग आवरून झाला होता. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस त्यांना म्हणाला, जानेवारीपर्यंत ठेवता येईल, पण फार दिवस ठेवणं बरं नाही, आणि जानेवारीत तुमच्या कौन्सिलने नाही म्हटलं तर? डेन्झिलनी माझ्याकडे पाहिलं. जुलैत मी चार मतं मोजून निवांत झोपले होते. कुणाच्या भरवशावर आता हो म्हणू?

आयव्हीला मार्लब्रिजच्या दफनभूमीत पुरलं. ती तिथली रहिवासी होती, त्यामुळे कागदोपत्री सगळं चोख. भिंतीलगतची नवी रांग, आजूबाजूला एक ओळखीचं नाव नाही. तिथून आमची टेकडीसुद्धा दिसत नाही, मधे पाण्याची टाकी येते. सगळं आटोपल्यावर डेन्झिलनी तिथल्या क्लार्कबाईंना विचारलं, "मला हिच्या शेजारी जागा मिळेल ना?"

बाई भली होती. म्हणाली, "तुम्ही इथे वर्षभर राहत असाल तर नक्की."

"मी तिचा नवरा आहे."

"हो, पण जोडीदाराला सूट नाही. नियम तुमच्याच कोम्बवेलचा आहे हो. तुमच्या अध्यक्षांनी आजूबाजूच्या सगळ्या कौन्सिलांना पाठवला होता. आम्हाला आवडला, आम्ही शब्दन् शब्द घेतला."

मी तिथेच खाली बसले. डेन्झिलनी मला हात देऊन उठवलं. त्यांचं वय काय, माझं काय.

जानेवारीत ठराव परत आला. ज्याने गावात उभ्या आयुष्यात वीस वर्षं काढली, तो कुठेही मरो, त्याला गावात जागा. सातही सभासद हजर, कुणाचं गवत नाही, काही नाही. सात हात वर. विरोधातले तिघेही! त्यातला एक म्हणाला, "तेव्हा आम्हाला एवढं कळलं नव्हतं." बैल गेला नि झोपा केला. बर्ट्रमने रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाला, "आपल्या कौन्सिलच्या इतिहासातला हा माणुसकीचा दिवस आहे. डेन्झिल, तुम्ही म्हणाल तर आयव्हीला इकडे आणायचा परवाना काढू. वेळ लागेल, पण काढू."

मागून डेन्झिल उठले. या खेपेला पॉलीनने टायमर लावला नाही.

"तिला एकदा घरातून हलवलं," ते म्हणाले, "तेव्हा ती सबंध रस्ताभर रडली. दुसऱ्यांदा हलवलं ते मातीत. आता तिसऱ्यांदा उकरून काढू? नाही जमणार. तिचं मी बघतो. मी चाललोय मार्लब्रिजला राहायला."

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. बर्ट्रम म्हणाला, "अहो, पण तुमचा जन्म इथला!"

"हो," डेन्झिल म्हणाले. "आभारी आहे." आणि टोपी घालून निघून गेले.

मी मागोमाग त्यांच्या घरी गेले आणि भांडले. दुसरं मला काय येतं? म्हटलं, "डेन्झिल, डोकं ठिकाणावर आहे का? या वयात परक्या गावात खोली घेणार? छाती किती वाजतेय ती ऐका स्वतःची! आणि क्लेमंट? त्याला टाकून जाणार?"

ते कपाटातून कप काढून वर्तमानपत्रात गुंडाळत होते. हात थांबले. मग म्हणाले, "त्याला एकटं राहायची सवय आहे पोरी. सगळा जन्म एकटाच राहिलाय. तिला नाही सवय."

मी उरलेले कप गुंडाळायला घेतले.

फेब्रुवारीत ते गेले. औषधांच्या दुकानावर एक खोली, जिना उभा, खिडकीसमोर गाड्यांचा तळ. गावातलं घर भाड्याचं होतं, ते सोडलं. महिन्याच्या आत तिथे उन्हाळी पाहुण्यांसाठी नवा रंग लागला. मी दर शनिवारी अंडी आणि मटण भरलेली पेस्टी घेऊन जायची. पाहिलं तर रंगाने मेणासारखे झालेले. पण रोज काठी टेकत आयव्हीकडे जायचे.

"खाता का नीट?" मी विचारायची.

"खातो तर. आता मला दुसरं काम काय? एक वर्ष जगायचं, एवढंच. एक वर्ष जगलो की मरायला मोकळा." आणि हसायचे. मला हसू यायचं नाही. देवा, कुणावर अशी वेळ आणू नकोस, की मरायची परवानगी मिळावी म्हणून जगावं लागावं.

एप्रिल लागताच न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नाकात नळ्या. डॉक्टरीणबाईने मला बाहेर बोलावून सांगितलं, फार आशा धरू नका. मी त्याच संध्याकाळी मार्लब्रिजच्या कौन्सिलच्या बैठकीला गेले. त्यांचा हॉल आमच्यापेक्षा मोठा, हीटर चालणारा, बाकी तेच. मला तीन मिनिटं दिली. मी टोपी हातात धरली नाही, विनवणी केली नाही, सरळ सांगितलं: माणूस मरतोय, बायकोशेजारी सहा फूट जागा द्या, वर्षाचं काय घेऊन बसलात?

खोलीत दोघी-तिघी रडायला लागल्या. त्यांचे अध्यक्षही हेलावले. म्हणाले, "आम्हा सगळ्यांची सहानुभूती आहे. पण बाई, विषय विषयपत्रिकेवर नाही. मेच्या बैठकीत घेऊ."

मला हसू फुटलं. तिथे, सगळ्यांसमोर, खदाखदा. लोकांना वाटलं असेल, बाईला वेड लागलं.

डेन्झिल एप्रिलच्या शेवटी गेले, मेची बैठक यायच्या आत. शेवटी शुद्धीत होते. मला म्हणाले, "किती झालं गं पोरी?" मी म्हटलं, "होत आलं, डेन्झिल. थोडंच राहिलंय." त्यांनी मान हलवली, आणि पुन्हा श्वास घ्यायला लागले, जोर लावून, ओझं ओढल्यासारखे. मी खोटं बोलले आणि त्या खोट्यावर तो म्हातारा अजून दोन दिवस झगडला.

मार्लब्रिजने नाही म्हटलं. आमच्याकडे मात्र नवा नियम होता, अगदी डेन्झिलसाठीच केलेला. डेन्झिलना आमच्या टेकडीवर पुरलं. वरच्या कोपऱ्यात, क्लेमंटच्या शेजारी. सगळं गाव आलं, ट्रेव्हरसुद्धा काळा कोट घालून आला. जागा रुंद होती. दोघांपुरती होती ना ती.

माती टाकून झाल्यावर बर्ट्रम माझ्याजवळ आला. नाक लाल झालेलं. म्हणाला, "निदान बाप-लेक तरी एकत्र आले, हेस्टर. आपण एवढं तरी करू शकलो."

"आणि ती?" मी विचारलं.

"कोण?"

"आयव्ही, बर्ट्रम! अंधाराला भिणारी! तिचं काय?"

त्याने रुमालाने नाक पुसलं. मग म्हणाला, "परवान्यासाठी अर्ज करता येईल. जवळच्या नातेवाइकाने करायचा असतो. मी विषयपत्रिकेवर घेतो, पुढच्याच बैठकीत घेतो."

"नातेवाईक कुठला आणू? ते बघ, तिचे दोघेही इथे मातीत आहेत."

पुढच्या आठवड्यात वार्षिक बैठक झाली. बर्ट्रम अध्यक्ष निवडून आला, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. वर्षाचा आढावा वाचताना दफनभूमीच्या सुधारलेल्या नियमाचा त्याने खास उल्लेख केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. पण उठून राजीनामाही दिला नाही, कारण माझ्या जागी यायला कुणीच नाही.

मार्लब्रिजची बस अजून रोज सकाळी माझ्या दारावरून जाते. डेन्झिल गेल्यापासून मी आयव्हीच्या कबरीकडे गेलेले नाही. ती विचारेल, डेन्झिल कुठे आहे. काय सांगू तिला, येतोय म्हणून?